पुराचे पाणी आणि बंद पडणारे इंजिन

कार्यावरून कारणाकडे जाणारी वाट निसरडी असते, कारण एकच कार्य अनेक कारणांतून उपजू शकते. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्क आणि ज्ञानसाधने यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले असून, भाष्यकार वात्स्यायनाने कार्यावरून कारण ओळखणे हा शेषवताचा एक अर्थ देऊन नदीच्या पुराचे उदाहरण घेतले आहे: नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, असे कळते. यावर सूत्रांतच पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, येतो की प्रवाह अडल्यानेही नदी फुगते, तेव्हा हे अनुमान व्यभिचारी, म्हणजे साध्य (इथे पाऊस) नसतानाही हेतू (फुगलेली नदी) आढळेल असे, आहे. त्याचे उत्तर असे की पावसाचा पूर म्हणजे नुसते वाढलेले पाणी नव्हे. त्याला वेग असतो, फेस असतो, पाने, फळे आणि लाकडे त्याच्याबरोबर वाहत येतात. दोष अनुमानाचा नसून, विशेष न पाहता सामान्यावरच थांबणाऱ्या माणसाचा असतो.

या उत्तराचे मोल जुन्या मोटारीपाशी विशेष कळते. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या, १०८९ घनसेंटिमीटरच्या, चार सिलिंडरच्या गाडीचे इंजिन सिग्नलला थरथरून बंद पडते, तेव्हा 'आयडल धरत नाही', म्हणजे मंद गतीत चालू राहत नाही, एवढे म्हणणे हे फुगलेली नदी पाहण्यासारखेच होय. ॲक्सिलरेटर सोडल्यावर कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या साधनाची, झडप जवळजवळ मिटते आणि इंजिन एका बारीक छिद्राच्या जेटमधून येणाऱ्या थोड्याशा पेट्रोलवर तग धरते. म्हणून त्या जेटमधला कचरा किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी चोरटी हवा वेगात जाणवत नाही, पण मंद गतीत इंजिनाचा जीव घेते. चोक थोडा ओढताच इंजिन सावरले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे ते चिन्ह असते; स्पार्क प्लगवर काळी काजळी धरली असेल, तर पेट्रोल जास्त होत असल्याचा संशय बळावतो; आणि इंजिन तापल्यावरच दोष उमटत असेल, तर ठिणगीच्या यंत्रणेतील कॉइल, कंडेन्सर किंवा उष्णतेने वाफ होणारे पेट्रोल यांकडे लक्ष जाते. पुरातला फेस आणि लाकडे ती हीच.

कारण निश्चित करण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे एकाच्या असण्याने दुसऱ्याचे असणे आणि नसण्याने नसणे, पडताळावे लागतात. कसलेला मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावल्यावर दोषही तिकडे गेला, तर दोष प्लगचा ठरतो. तो जागेवरच राहिला, तर शोध पुढे सरकतो. शेषवताचा दुसरा अर्थ परिशेष, म्हणजे संभाव्य पर्याय बाद करत उरलेल्यापाशी पोहोचणे, असा आहे. परंतु मूळ यादीतच खरे कारण नसेल, तर उरलेला पर्याय निष्पाप असूनही दोषी ठरतो.

इथे ज्ञान आणि यश यांतला भेद समोर येतो. नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून, म्हणजे त्या ज्ञानाने केलेली कृती फळाला येते की नाही यावरून, ठरवतात. मात्र ठिणगीच्या यंत्रणेतील पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटरचा जेट एकाच वेळी बदलल्यावर गाडी सुरळीत चालली, तर कृती सफल होते, पण तिन्हींपैकी कशाविषयीच्या ज्ञानाचे प्रामाण्य सिद्ध झाले हे सांगता येत नाही. न्यायदर्शनाने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, मानाचे स्थान दिले आहे, ते इथे आठवते. निर्णयाची घाई करून संशय झटकून टाकणारा गाडी कदाचित चालू करील. संशय जपून एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्याला मात्र ती का बंद पडत होती हेही कळेल.