विपत्तीतील हास्य
विपत्तीत सापडलेल्याने हसावे काय, आणि साहाय्य करणाऱ्याने हसावे काय, हे दोन प्रश्न विचारार्ह आहेत. दोहोंचे उत्तर एक नव्हे.

१९७२ चा दुष्काळ जालना परिसराने भोगला. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते. दुष्काळी कामांवर लोकांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. पुढे २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा वाळल्या. गावोगावी टँकरची वाट पाहावी लागली. अशा रांगेत घागरीच्या क्रमावरून भांडण होते, तसा विनोदही होतो. हा दृष्टांत.

दार्ष्टांतिक असे : तहानलेला स्वतःच्या रिकाम्या घागरीस हसतो, तेव्हा तो दुःखाचे स्वामित्व नाकारतो आणि शेजारच्याचा भारही हलका करतो. तेच हास्य दात्याच्या मुखी आले की घेणाऱ्याची मान खाली जाते. ही शस्त्रावाचून घडलेली हिंसाच होय.

मग साहाय्यकर्त्याने गंभीरच राहावे काय? तसे नव्हे. पाणी सांडले, रांग मोडली, कोणी उणे बोलले, तर त्याने आपल्याच त्राग्यास हसावे. म्हणजे दया अहंकारापासून वाचते. हसण्यापूर्वी साधकाने एवढेच पाहावे की, या हास्याचा भार कोणावर पडतो.