परवाना सरकारचा, शील आपले



मानवतच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर दहावीतील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, अमेरिकेत गांजा कायदेशीर झाला म्हणतात. मग आपण पाचव्या शिलात नशा वर्ज्य का म्हणतो?" मागची माणसे हसली. मला हसू आले नाही. सरकार ज्याला होय म्हणते तेच योग्य काय, असाच तो प्रश्न होता.

आधी अमेरिकेचे पाहू. तेथे केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजावर बंदी आली. पुढे २०१२ मध्ये कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी तो प्रौढांना खुला केला. म्हणजे राज्यात जे चालते तोच केंद्राचा गुन्हा! २०१३ मध्ये केंद्राच्या न्यायखात्याने पत्रक काढले की, राज्ये कडक नियम ठेवतील तर आम्ही सहसा मध्ये पडणार नाही. २०१८ च्या जानेवारीत नव्या सरकारने ते पत्रक मागे घेतले. कायद्याचे अक्षरही बदलले नव्हते, बदलली होती ती वरच्यांची मर्जी. बँका या दुकानदारांचा पैसा ठेवण्यास कचरत, कारण बँकेला केंद्राची भीती. आपली जी मुले तिकडे शिकायला जातात त्यांनीही ध्यानात ठेवावे, परदेशी माणसाचा व्हिसा केंद्राच्या हाती असतो. राज्याची मुभा तेथे कामास येत नाही.

आपल्याकडे दारू हा घटनेने राज्यांचा विषय. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला. गांजाचे तसे नाही. एके काळी कित्येक राज्यांत तो सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि १९८५ मध्ये दिल्लीने अमली पदार्थांचा कायदा केला. त्यात राज्यांना अधिकार आहेत, पण औषध आणि संशोधनापुरते. शिवाय धागा व बियांसाठी लागवडीची वाट ठेवली आहे. त्याच वाटेने उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाने दिले. गंमत अशी की, नुसती पाने, म्हणजे भांग, त्या कायद्याच्या व्याख्येत येतच नाही. काही राज्यांत तिची परवान्याची दुकाने आहेत. ज्या झाडाची पाने सणाला चालतात त्याच झाडाच्या शेंड्यासाठी माणूस तुरुंगात जातो.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण. लोकांनी चेष्टा केली. आमच्या मानवतच्या कापूस बाजारात गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात चेष्टा दिसणार नाही. अर्ज नशेसाठी नव्हता, पोटासाठी होता.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तथागतांनी मादक पदार्थ वर्ज्य सांगितले ते प्रमादाचे मूळ म्हणून. प्रमाद म्हणजे भान सुटणे. भान सुटलेला माणूस उरलेली चार शिलेही राखू शकत नाही. यात परवान्याचा उल्लेख कोठे आहे? देशी दारूच्या दुकानावर सरकारचा शिक्का असतो, म्हणून आपल्या वस्तीतील किती घरांतील शाळेची फी वाचली? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, तेव्हा कोणत्या प्रांतात दारू चालू आहे आणि कोणत्या प्रांतात बंद, असा भेद ठेवला नाही.

मुलाचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "मग ओढणाऱ्याला तुरुंगात टाकावे काय?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. शील आपण स्वतः ग्रहण करतो. ते पोलिसाने घालून द्यावयाचे नसते. पोरांना चिलमीची चटक लावून पैसा करणारा वेगळा, त्याला शिक्षा व्हावी. पण पुडीसाठी सापडलेले वस्तीतील पोर? कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण मानला आहे, तरी त्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. जामिनाला आणि वकिलाला पैसा नाही त्याच्या घरी तेवढ्याने शिक्षण थांबते, कर्ज होते. असे पोर माझ्या वर्गातील असेल तर मी त्याला आधी दवाखान्यात नेईन आणि मग विहारात आणून माझ्या शेजारी बसवीन, असे मी त्या मुलाला सांगितले.