संन्याशाचा वरिष्ठ कोण?

१८९९च्या सुरुवातीला जबलपूरला नर्मदेच्या काठी एका बंगाली संन्याशाने मठ मांडला. भगवी वस्त्रे, अनवाणी पाय, शाकाहार, ध्यान, वेदान्ताचा अभ्यास. नर्मदेवर यात नवल ते काय? परिक्रमावासीयाला जात-गाव न विचारता सदावर्त वाढणाऱ्या या काठावर आणखी एक संन्यासी सहज सामावला असता. पण या संन्याशाच्या गळ्यात आबनुसाचा काळा क्रूस होता आणि त्याने मांडलेला मठ कॅथलिक होता. तो फार दिवस चालला नाही. हिंदू शेजाऱ्यांनी तो उठवला नाही, ब्रिटिश कलेक्टरनेही नाही. तो बंद पडला रोमच्या इथल्या प्रतिनिधीच्या विरोधामुळे.

या संन्याशाचे नाव ब्रह्मबांधव उपाध्याय. मूळचे भवानीचरण बंद्योपाध्याय, जन्म १८६१, हुगळी जिल्ह्यातला. केशवचंद्र सेनांच्या ब्राह्म समाजातून ते सिंधमध्ये गेले, आणि १८९१च्या फेब्रुवारीत एका अँग्लिकन पाद्र्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घेतानाच त्यांनी बजावले होते की आपण ख्रिस्ताचे झालो आहोत, इंग्लंडच्या चर्चचे नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरात कराचीत ते कॅथलिक झाले. १८९४ साली त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली. त्या वेषात चर्चमध्ये यायला हरकत घेतली गेली, तेव्हा त्यांनी सतराव्या शतकातल्या रॉबर्टो दि नोबिलीचा दाखला दिला. मदुरैत ब्राह्मण संन्याशासारखे राहणाऱ्या त्या जेझुइटाला १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मान्यता दिली होती. दाखला बिनतोड होता, आणि वेषापुरती परवानगी मिळाली.

मठाची कल्पना त्याच्या पुढची होती. संन्यासी दोन प्रकारचे असावेत. काहींनी मठात राहून ध्यान करावे, काहींनी परिव्राजक होऊन देशभर हिंडावे. मांस-मद्य वर्ज्य, राहणी पूर्ण भारतीय. परिव्राजकाला शांकर वेदान्त आणि संत थॉमस अक्वायनस दोन्ही अवगत हवेत. जबलपूर तेव्हा नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडत होते, आणि तिथले बिशप पेल्व्हा यांची या उपक्रमाला सहानुभूती होती. उपाध्यायांचा सिंधी शिष्य रेवाचंद, पुढचा अणिमानंद, सोबत आला. मात्र भारतातले पोपचे प्रतिनिधी, पोलिश आर्चबिशप लादिस्लाव झालेस्की, यांना हे पसंत नव्हते. त्यांचा विरोध झाल्यावर बिशपांच्या सहानुभूतीला अर्थ उरला नाही. रोमला जाऊन दाद मागायचा उपाध्यायांचा बेत आजारपणात बारगळला. १९०० साली ते कलकत्त्याला परतून ‘सोफिया’ साप्ताहिक काढू लागले, आणि तेही कॅथलिकांना वाचायला मना झाले.

इथे सरळ प्रश्न पडतो: या माणसाच्या श्रद्धेत अशी काय खोट होती? त्यांचे लेखन पाहिले तर जवळजवळ काहीच नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, सृष्टीची निर्मिती, यांतले एकही तत्त्व त्यांनी पातळ केले नव्हते. १८७९ साली पोप तेरावे लिओ यांनी अक्वायनसचे तत्त्वज्ञान चर्चच्या शिक्षणाचा पाया ठरवले. उपाध्याय त्याच वाटेने चालले होते. अक्वायनसने अॅरिस्टॉटलचा आधार घेतला, तर भारतात शंकराचार्यांचा का घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे. १८९८ साली त्यांनी त्रैक्यावर संस्कृत स्तोत्र रचले आणि त्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना सत्, चित्, आनंद या रूपांत वंदन केले. धर्मपंडिताने भिंग घेऊन वाचले तरी त्यात पाखंड सापडणे अवघड. खटकत होती ती श्रद्धेची मांडणी, आणि त्याहून अधिक, ही मांडणी एक नेटिव्ह संन्यासी कोणत्याही युरोपीय संघाच्या देखरेखीविना करतो आहे ही गोष्ट.

सनातन श्रद्धा म्हटले की आपण तत्त्वांची यादी डोळ्यांसमोर आणतो: काय मानायचे, काय नाकारायचे. मठजीवनात मात्र तिची कसोटी बहुधा दुसऱ्याच ठिकाणी लागते. तू कोणाचे ऐकतोस, हा तिथला प्रश्न असतो. याच ठिकाणी भारतीय संन्यास आणि ख्रिस्ती मठव्रत एकमेकांसमोर उभे ठाकतात.

आपला संन्यासी स्वतःचे श्राद्ध घालून निघतो. घर, गोत्र, अग्नी, शिखासूत्र सुटते, आणि त्यांच्याबरोबर समाजाचा त्याच्यावरचा हक्कही. दशनामी आखाडे आहेत, मठ आहेत, गुरू आहे. पण संन्याशाच्या श्रद्धेवर शिक्का मारणारे एखादे मध्यवर्ती कार्यालय नाही. उपाध्यायांचे समकालीन टेंबे स्वामी पाहा. माणगावचे वासुदेवशास्त्री टेंबे १८९१ साली उज्जैनला दंड घेऊन वासुदेवानंद सरस्वती झाले आणि १९१४ साली नर्मदेकाठीच, गरुडेश्वरला, समाधिस्थ झाले. आचारात त्यांच्याइतका कडक संन्यासी त्या काळात शोधून सापडला नसता. तरीही हा कडकपणा त्यांना कोणी पत्र पाठवून लावलेला नव्हता. शास्त्र, गुरू आणि दत्त एवढेच त्यांचे वरिष्ठ.

ख्रिस्ती मठाची गोष्ट वेगळी. सुरुवात तिथेही मोकळीच होती. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संत अँटनीसारखे लोक चर्चच्या व्यवस्थेपासून दूर जाऊन राहिले. पण भटक्या साधूंची संख्या वाढली, वादांत ते झुंडीने उतरू लागले, आणि ४५१ सालच्या खाल्किदोनच्या परिषदेने नियम घातला: स्थानिक बिशपच्या संमतीवाचून कोणी मठ उभारू नये. पूर्वेकडची बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चे आणि पश्चिमेकडचे रोम दोघांनाही ही परिषद मान्य आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत आज्ञापालनाला व्रताचा दर्जा दिला. तिथे घर आणि संपत्ती सोडणे ही निव्वळ सुरुवात असते. खरा त्याग स्वतःच्या इच्छेचा. आपला संन्यासी समाजाची आज्ञा सोडून बाहेर पडतो, आणि ख्रिस्ती मठवासी आज्ञा स्वीकारून आत येतो.

सोळाव्या शतकात ल्यूथरने, जो स्वतः ऑगस्टिनियन मठातला होता, ही व्रतेच मोडीत काढली. प्रॉटेस्टंट जगातून मठ जवळजवळ नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन चर्चमध्ये ते पुन्हा जन्मले: १८४८ साली वाँटेजच्या भगिनी, १८६६ साली ऑक्सफर्डजवळचे काउली फादर्स. पुढे हे दोन्ही संघ पुण्यात पंचहौदला आले. म्हणजे मराठी माणसाची ख्रिस्ती मठाशी गाठ पडली ती बरीचशी या नव्याने उगवलेल्या अँग्लिकन रोपाशी.

त्या गाठीभेटींचा इतिहास उपाध्यायांच्या कहाणीशी जुळतो. झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा तर्ककर्कश माणूस श्रद्धेने कट्टर होता. ते काउली फादर्सच्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, इंग्लंडला जाऊन राहिले, आयुष्यभर फकिरासारखे जगले. पण अखेरची व्रते त्यांनी घेतलीच नाहीत. त्यांच्या लिखाणाचा प्रभाव असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्य आणि अथानेशियन श्रद्धासूत्र हे त्याचे उघड विषय. मात्र त्याच काळात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर भारतातले बिशप मत देऊ लागले, आणि रमाबाईंना नेमके तेच मान्य नव्हते. कालांतराने त्या ख्रिस्ताच्या देवत्वावर अढळ विश्वास ठेवणाऱ्या झाल्या, तरी कोणत्याही एका पंथाच्या अंकित झाल्या नाहीत. तत्त्वाचा प्रश्न सुटला, आज्ञेचा सुटला नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून भगवी वस्त्रे घेतली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसू शकत. पत्नी लक्ष्मीबाई सोबत होत्याच, म्हणजे हा संन्यास संसारासकट होता. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबारामागे त्याला सावरणारी संस्था नव्हती. त्यांच्या प्रेरणेतून जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने १९२२ साली अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि पुढे तो पुण्याला शिवाजीनगरला नेला. १९२७ साली त्यात ऑक्सफर्डचा एक तरुण आला: व्हेरियर एल्विन.

एल्विनच्या रूपाने कथा परत नर्मदेकडे वळते. गांधींच्या प्रभावाखाली आलेला हा पाद्री पुण्याचा संघ सोडून १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासोबत मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गेला. हा गोंडांचा मुलूख जबलपूरच्या वर, नर्मदेच्या उगमाकडे. तिथे त्यांनी संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम मांडला, दवाखाना आणि शाळा काढल्या. काँग्रेसचा हा समर्थक राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नव्हता, आणि नागपूरचे अँग्लिकन बिशप ॲलेक्स वुड त्याशिवाय धर्मकार्याचा परवाना द्यायला राजी नव्हते. १९३५ साली एल्विनने पाद्रीपद आणि चर्च दोन्ही सोडले. आदिवासी जीवनाचा अभ्यासक म्हणून त्याचे नाव झाले. हिवाळ्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिले. मानववंशशास्त्राचा लाभ झाला, चर्चने दोन माणसे गमावली.

इथवर सगळा दोष अधिकाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होता येईल. पण जबलपूरच्याच इतिहासातले आणखी एक पान तसे करू देत नाही. उपाध्यायांचा मठ बंद झाल्यावर चोवीस वर्षांनी, १९२३ साली, नेदरलँड्समधल्या बर्न मठाचे पांढऱ्या झग्यातले नॉर्बर्टाइन भारतात आले. जबलपूरचा मुलूख त्यांच्याकडे सोपवला गेला, १९५४ साली इथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्यांच्यातलेच कोनराड डुब्बेलमान पहिले बिशप झाले. जबलपूरजवळ जमताऱ्याला त्यांचा मठ आजही आहे. मठ इथे रुजू शकत होता, एवढे तर यावरून दिसतेच. रुजला तो वरिष्ठांची साखळी पाठीशी असलेला मठ.

पण या संघाचा संस्थापक नॉर्बर्ट कोण होता? झांटेनचा हा जर्मन सरदारपुत्र संपत्ती सोडून अनवाणी, कातडी पांघरून गावोगाव प्रवचने देत हिंडू लागला. १११८ साली फ्रित्स्लारच्या धर्मसभेत त्याच्यावर आरोप झाले: प्रवचनाचा अधिकार तुला कोणी दिला, आणि कुठल्याही मठात नसताना हा मठवाशाचा वेष कशाला? हे आरोप सहीसही उपाध्यायांवर बसतात. नॉर्बर्ट उठला, चालत दक्षिण फ्रान्सला गेला, पोप दुसरे गेलासियस यांना भेटला आणि कुठेही प्रवचन करण्याची परवानगी घेऊन आला. पुढल्या पोपच्या काळात लाँच्या बिशपने त्याला जागा दिली आणि ११२० साली प्रेमोंत्रेच्या दरीत संघ सुरू झाला. त्याला नऊशे वर्षे होऊन गेली.

नऊशे वर्षे आणि जेमतेम एक वर्ष, हा फरक आज्ञापालनाच्या बाजूने मोठा पुरावा आहे. वरिष्ठ, नियम, निवडणूक, हिशेब असले की संस्थापक गेल्यावरही मठ उभा राहतो. केवळ एका तेजस्वी माणसावर उभा राहिलेला मठ त्याच्याबरोबर संपतो, किंवा न संपता बिघडतो. वरिष्ठ नसलेल्या आश्रमात काय काय घडू शकते, हे आपल्याकडच्या बुवा-बाबांच्या खटल्यांनी पुरेसे शिकवले आहे. आपण ज्याला संन्याशाचे स्वातंत्र्य म्हणतो, ते भक्तांच्या बाजूने पाहिले तर पुष्कळदा जबाबदारीचा अभाव असतो.

मग नॉर्बर्ट आणि उपाध्याय यांच्यात फरक कुठे पडला? आज्ञा मानायची तयारी दोघांचीही होती. उपाध्यायांनी मठ बिशपांच्या संमतीनेच मांडला होता, म्हणजे खाल्किदोनची अट पाळली होती. फरक पडला तो वर दाद मागण्याच्या वाटेत. नॉर्बर्टला चालत जाऊन शेवटच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहता आले, आणि त्या अधिकाऱ्याला त्याच्या फाटक्या वेषात आपलाच माणूस दिसला. जबलपूरचा निर्णय घेणाऱ्याला भगव्यात परका धर्म दिसला, आणि त्याच्यावरचा दरवाजा समुद्रापलीकडे होता.

वाट मोकळी असली की काय होते याची उदाहरणेही इथलीच आहेत. केरळात १९१९ साली ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या गीवर्गीस पणिक्करांनी बेथनी आश्रम स्थापला. पुढे मार इव्हानिओस झालेले हे संस्थापक १९३० साली रोमशी एकरूप झाले, पण त्यांची सिरियाक उपासना त्यांच्याकडेच राहिली, कारण रोमने ती आधीच मान्य केली. १९५० साली कावेरीकाठी मोंशानँ आणि ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी सच्चिदानंद आश्रम काढला, तोही बिशपांच्या संमतीने. उपाध्यायांनी त्रैक्याला दिलेलेच हे नाव. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्यावरच्या आपल्या हुकूमनाम्यात सांगितले की ख्रिस्ताच्या संदेशापूर्वीपासून रुजलेल्या तपश्चर्येच्या परंपरा मठजीवनात सामावता येतील का, याचा विचार व्हावा. आणि १९७२ साली पुण्यात विन्स्लोच्याच आश्रमात वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्टच्या कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. वंदना माताजी आणि पुढे सारा ग्रँट यांच्या काळात तिथे उपनिषदे वाचली गेली. दोन पंथ, दोन वरिष्ठ, एक स्वयंपाकघर. कोणाचीही श्रद्धा सैल झाल्याचे ऐकिवात नाही.

उपाध्यायांना हे पाहायला मिळाले नाही. स्वदेशीच्या काळात ‘संध्या’ दैनिकातून इंग्रजांवर आग ओकत असता राजद्रोहाच्या खटल्यात ते अडकले आणि ऑक्टोबर १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इस्पितळात वारले. अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाले. म्हणून त्यांना हिंदू म्हणायचे की ख्रिस्ती, यावर अजून वाद घातला जातो. हा वाद मला गौण वाटतो. श्रद्धेची शुद्धता राखण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेला आहे, आणि आज्ञापालन मागण्याचाही. मात्र ज्याच्याकडून स्वतःची इच्छा सोडून देण्याचे व्रत घेतले जाते, त्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचे व्रत वरिष्ठानेही घेतलेले असावे लागते. हे दुसरे व्रत नियमावलीत क्वचितच लिहिलेले असते. ख्रिस्ती असो की हिंदू, मठ तपासायचा तर त्याच्या तत्त्वज्ञानाच्या आधी हे विचारावे: इथल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला दाद मागायची झाली, तर तो कोणाकडे जाऊ शकतो, आणि तिथवर पोचू शकतो का?