करंडक एका रात्रीचा, विजेतेपद कोणाचे?

२० मार्च २०२२. मडगावचे फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, हैदराबाद एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. कोविडनंतर प्रथमच प्रेक्षकांना गॅलरीत प्रवेश मिळाला होता आणि केरळ ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांनी सारे मैदान पिवळेधमक करून टाकले होते. ८८व्या मिनिटापर्यंत केरळ एका गोलने पुढे होते. मग बदली खेळाडू साहिल ताव्होराने लांबून चेंडू जाळ्यात धाडला आणि हैदराबादने बरोबरी साधली. सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडवले. त्यांपैकी निशू कुमारचा फटका पंचांनी पुन्हा घ्यायला लावला. कट्टीमणीने तोही अडवला आणि करंडक हैदराबादने नेला.

ताव्होरा गोव्याचा, कट्टीमणीही गोव्याचा. याच मैदानावर २० डिसेंबर २०१५ रोजीच्या अंतिम सामन्यात कट्टीमणी एफसी गोवाच्या गोलपोस्टमध्ये उभा होता. चेन्नईयिनच्या मेंडोझाची पेनल्टी त्याने अडवली होती, ८७व्या मिनिटाला गोव्याने आघाडीही घेतली होती. पण नव्वदाव्या मिनिटाला चेंडू त्याच्याच हातून जाळ्यात गेला, स्वयंगोल झाला, आणि पाठोपाठ भरपाई वेळेत मेंडोझाने विजयी गोल केला. घरच्या मैदानावर हातातोंडाशी आलेला करंडक गेला.

सहा वर्षांनी त्याच गवतावर मिळालेली ही भरपाई अंतिम सामन्यातच शक्य होती. त्यामुळे अंतिम सामना असावा, थाटात व्हावा, असेच मी म्हणेन. माझा आक्षेप त्याच्या निकालाला देशाचे विजेतेपद म्हणण्याला आहे.

त्याच २०२१-२२च्या मोसमात गुणतालिकेत पहिला आला होता जमशेदपूरचा संघ. वीस सामने, ४३ गुण. उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांत केरळने त्याला एकूण २-१ असे हरवले आणि जमशेदपूर चर्चेतूनच गेले. बक्षिसांची विभागणी बघा: गुणतालिकेत अव्वल येणाऱ्याला साडेतीन कोटी, अंतिम सामना जिंकणाऱ्याला सहा कोटी. वीस सामन्यांच्या सातत्याची किंमत आयोजकांनी एका रात्रीपेक्षा कमी ठरवली होती. गुणतालिकेतल्या अव्वल संघाला ‘शील्ड’ देण्याची प्रथाही २०१९-२० पासूनची. त्याआधी फक्त करंडक होता. पहिली शील्ड एफसी गोवाने जिंकली, आणि त्या वर्षीचा अंतिम सामना फातोर्डालाच, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, गोव्याशिवाय झाला.

हे दुःख गोव्याला जास्त बोचावे, कारण साखळीचे मोल गोव्याइतके कोणी सिद्ध केलेले नाही. देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगची, आय-लीगची, पहिली सहाही विजेतेपदे, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्याच्या क्लबांनी जिंकली: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. तिथे अंतिम सामना नव्हता. अर्ध्या रिकाम्या मैदानांवरचे गुण मोसमभर साठवावे लागत. या सवयीतून क्लब घडतात: तरुण खेळाडूंवर खर्च होतो, दुखापतीला पर्याय तयार ठेवावा लागतो, छोट्या संघाविरुद्ध गमावलेले दोन गुण एप्रिलमध्ये आठवतात. बाद फेरीवर डोळा असला की चौथा किंवा सहावा क्रमांकही पुरतो, आणि मालकाला वाटते, दोन-तीन महागडे परदेशी खेळाडू आणले की झाले.

प्रेक्षक अंतिम सामन्यालाच येतात, दूरचित्रवाणीला तोच हवा, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. पण करंडकाने क्लब तगतो का? २०२२चा विजेता हैदराबाद एफसी दोन वर्षांत आर्थिक अडचणीत सापडून तळाला गेला. २०२५ मध्ये तो हैदराबाद सोडून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. त्या रात्री जे शहर नाचले, त्या शहरात आज तो क्लब नाही.

भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगची आयोजक कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आहे. लीगची नवी घडी बसवताना महासंघाने एवढे करावे: देशाचा विजेता गुणतालिकेने ठरवावा, मोठे बक्षीस त्याला द्यावे, आणि करंडकाची स्पर्धा वेगळी, स्वतंत्र भरवावी. तिचा अंतिम सामना फातोर्डाला ठेवला, तर गॅलरी भरेलच.