ताम्हण वाळलेलं नाही

नववी 'ब', पुस्तकं मिटा आणि इकडे लक्ष द्या. मैदानाच्या कोपऱ्यातलं ताम्हण तोडून टाकावं, असा अर्ज तुमच्या सह्यांनिशी मुख्याध्यापकांकडे गेला आहे. झाड मेलंय, असं खुशाल ठोकून दिलंत! राज्यफूल कोणतं विचारलं की साऱ्या वर्गाचे हात वर, आणि त्याचंच झाड थंडीत पानं गाळतं, गळण्याआधी ती तांबडी होतात, हे कुणाला ठाऊक नसावं? सही करण्यापूर्वी एकानं तरी फांदीची साल नखानं खरवडून पाहिलीत का? मी पाहिली. शेंड्याच्या काड्या कट्कन मोडतात, त्या गेल्या. खालच्या फांद्यांच्या सालीखाली हिरवं आहे, ओल आहे.

ते आजारी आहे, हे खरं. पण कशानं? वृक्षारोपणाच्या दिवशी जाळीला बांधलेली तार कुणी सोडली नाही. खोड जाड होत गेलं आणि तार सालीत रुतली. आता तारेच्या वर साल सुजून कडं आलंय, खाली बुंधा बारीक. पानांत तयार झालेलं अन्न रसवाहिन्यांतून मुळांपर्यंत उतरतं, हे तुम्ही परीक्षेत आकृतीसह लिहिता. त्या रसवाहिन्या सालीतच असतात. तार आवळली की मुळं उपाशी राहतात. त्यात बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेले. कोकणात ओढ्याकाठी वाढणारं हे झाड. त्याच्या मुळांना ओल हवी आणि हवाही. फरशीखाली दोन्ही कुठून मिळणार? डब्याच्या सुट्टीत उरलेलं घोटभर पाणी बुंध्यावर ओतता, त्यानं वरची मातीसुद्धा धड भिजत नाही. आणि युरिया टाकायची अक्कल कुणाची? दुबळ्या मुळांवर असं खत टाकलं की ती करपतात.

आता ऐका. बुंध्याभोवतीचे ब्लॉक निदान तीन-तीन फूट काढायचे. परवानगी मी घेतली आहे. माती हलक्या हातानं मोकळी करायची, कुदळ खोल गेली तर मुळं तुटतील. तार पक्कडीनं जागोजागी कापायची, सुटेल तेवढी काढायची. सालीत गडप झालेली ओढायची नाही. आळं बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली. त्यात शेणखत आणि वर पालापाचोळा, पण खोडाला टेकवायचा नाही. तो रोज झाडून जाळणं आजपासून बंद. पाणी आठवड्यातून एकदा, पण हातभर खोल मुरेल इतकं. वरची माती ओलीच असेल तर थांबायचं. सुकलेल्या काड्या तेवढ्या छाटा, हिरव्या फांदीला कुणी हात लावायचा नाही.

यंदा वैशाखात फुलोरा आला नाही तर कुरकुर ऐकून घेणार नाही. आधी पालवी नीट धरू दे. उन्हाळ्याच्या सुट्टीतही पाण्याची पाळी चुकता कामा नये. अर्ज आजच मागे घ्या आणि पाळीची यादी मधल्या सुट्टीआधी माझ्या टेबलावर ठेवा.