हातगुण आणि चिठ्ठ्या

गिरगावातल्या एखाद्या चाळीत एका बिऱ्हाडाची तुळस डेरेदार वाढते आणि दोन खोल्या सोडून दुसरीची काडी होते. मग मजलाभर एकच निदान होतं: "त्यांच्या हाताला गुण आहे." या बोलण्यात कौतुक आहे, पण दुसरी तुळस का गेली याचं उत्तर नाही. ते कसं शोधायचं, हे कळायला माणसाला तीनशे वर्षं लागली.

सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ व्हान हेल्माँट यांनी 200 पौंड सुकी माती तोलून कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि नुसतं पाणी घातलं. 5 वर्षांनी झाड 169 पौंडांचं झालं. माती घटली जेमतेम 2 औंस. झाड पाण्यातूनच घडतं, असं त्यांनी ठरवलं. वजनं चोख होती, निष्कर्ष मात्र फसला, कारण पानांभोवतीची हवा हिशेबात धरलीच नव्हती. मला या प्रयोगाबद्दल फार आदर वाटतो. अंदाजाच्या जागी तराजू आला, तो इथे.

पुढे एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल आणि लीबिग यांनी मांडलं, की जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच वाढ अडवून धरतं. 1905 मध्ये ब्लॅकमन यांनी हाच विचार प्रकाश, तापमान आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला लावला. परळ-लालबागला तो आज फार लागू आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. डिसेंबरातल्या भर दुपारी 100 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे 90 मीटर पोचते. त्या सावलीतल्या गॅलरीत शेणखत वाढवून काय होणार? तिथे कमी पडतंय ते ऊन. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या गॅलरीला जास्त ऊन लागायचे दिवस बरेचसे ढगांचेच असतात. तेव्हा एका महिन्यातलं निरीक्षण वर्षभराला लावू नये.

प्रकाश किती, एवढंच पुरत नाही. रात्र किती लांब, हेही झाड मोजतं. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं हे दाखवलं; झाड खरं तर रात्र मोजतं, हे पुढे कळलं. दादरच्या फुलबाजारात ढिगाने दिसणाऱ्या शेवंतीच्या बऱ्याच जातींना कळ्या धरायला लांब, अखंड अंधार लागतो. गॅलरीतली ट्यूब रात्रभर जळत असेल, तर झाड हिरवंगार राहून फूल न देणं शक्य आहे. दोष हाताचा नाही, दिव्याचा.

पण हे सिद्ध कसं करायचं? दोन कुंड्या कधीच सारख्या नसतात, म्हणून एकेका कुंडीची तुलना फसवी असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या शेतांवर यावर तोड काढली: प्रत्येक उपचार अनेकदा करा आणि कोणत्या वाफ्याला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपली आवडनिवड त्यात शिरता कामा नये. ही रीत आपल्याकडच्या कृषी संशोधकांच्या हाती आली, त्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 च्या ग्रंथाचा वाटा मोठा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त द्राक्षबागायतदार स्वतःच्या बागेत स्वतः प्रयोग करत आणि अनुभव एकमेकांना सांगत. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रश्न ज्याचा, तपासणीही त्याचीच झाली.

चाळीची गॅलरी यासाठी उत्तम जागा आहे. एकाच शेवंतीच्या फांद्या पावसाळ्यात खोचून 8 रोपं करा. माती, कुंडी, पाण्याचा पेला सगळ्यांना एकच. चिठ्ठ्या टाकून 4 निवडा आणि सप्टेंबरपासून त्यांच्यावर रोज संध्याकाळी काळं कापड घाला, सकाळी काढा. उरलेल्या चारांवरही तेच कापड घाला, पण रात्रभर जळणाऱ्या ट्यूबच्या बाजूने उघडं ठेवा, म्हणजे ऊब आणि वारा शक्य तितका सारखा राहील. दर रविवारी उंची आणि कळ्या वहीत लिहा. मेलेलं रोपही लिहा, ते गाळू नका. शेजारच्या बिऱ्हाडालाही तेच करायला सांगा आणि दिवाळीनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा.