देवाचा ताड, माणसाची ताडी

कुंभकोणमच्या ईशान्येला, कावेरीच्या भातशेतीच्या मुलखात तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. गावाची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक म्हणजे कुमरगुरुपरर या सतराव्या शतकातल्या शैव कवीच्या परंपरेतला काशी मठ, आणि दुसरी म्हणजे अरुणजटेश्वराचे शिवालय. तमिळ देशातल्या प्रत्येक जुन्या शिवालयाचा एक स्थलवृक्ष असतो. कुठे तो आंबा असतो, कुठे जांभूळ, कुठे वन्नी म्हणजे शमी. तिरुप्पनंदाळचा स्थलवृक्ष ताड आहे, आणि स्थलपुराण या जागेला तालवन म्हणते.

या देवळाची कथा विलक्षण आहे. ताटकै नावाची एक भक्त स्त्री (रामायणातली त्राटिका ती वेगळी) रोज देवाला हार घालायला येई. एके दिवशी दोन्ही हातांत हार असतानाच तिचे वस्त्र घसरू लागले. ते तिने कोपरांनी अंगाशी दाबून धरले. पण मग हात वर उचलेनात. तेव्हा शिवलिंगानेच तिच्यापुढे मान झुकवली. पुढे ते लिंग तसेच कललेले राहिले. चोळ राजाने दोरखंड लावून हत्तींकडून ओढून पाहिले, तरी ते सरळ होईना. अखेर कुंगिलियक्कलय नायनार आला. त्याने लिंगाला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक स्वतःच्या गळ्यात अडकवले आणि ओढले. लिंग सरळ झाले. बाराव्या शतकात सेक्किळारने ‘पेरियपुराणम्’मध्ये हे चरित्र सांगितले आहे. हा नायनार त्रेसष्ट शैव संतांपैकी एक. देवापुढे गुग्गुळ जाळण्याचे त्याचे व्रत होते. घरात मुले उपाशी असताना बायकोने तांदूळ आणायला गळ्यातली ताली (मंगळसूत्र) काढून दिली, तर वाटेत गुग्गुळवाला भेटताच त्याने ती देऊन गुग्गुळ घेतला, असे पुराण सांगते. गुग्गुळ म्हणजे झाडाच्या सालीतून पाझरलेला डिंक. झाडाचा पाझर देवाला चालतो, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

झाडाचा दुसरा पाझर, ताडाची ताडी, मात्र या गावात काढता येत नाही.

ताडाचे नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. रस दोन्हींतून मिळतो. जानेवारी-फेब्रुवारीत पोय (फुलोरा) निघू लागली की चढणारा पायांत तंतूंची कडी अडकवून, छातीवर कातड्याचा पट्टा बांधून झाडावर जातो. लाकडी चिमट्याने पोय दाबून दाबून नरम करतो, टोकाचा पातळ काप घेतो आणि खाली मडके बांधतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पातळ काप. काप जाड गेला तर पोय लवकर संपते. चुकवला तर रस आटतो. हंगामात दिवसाला तीस-चाळीस झाडे, आणि प्रत्येक झाडावर किमान दोन फेऱ्या. मडक्याला आतून चुना फासलेला असेल तर उतरतो तो गोड रस, तमिळमध्ये पदनीर, आपल्याकडची नीरा. तो कढवला की काळा गूळ होतो, करुप्पट्टी. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट तासाभरात कामाला लागते आणि दुपारपर्यंत त्याच रसाची ताडी होते. तिच्यात साधारण चार-पाच टक्के मद्यार्क असतो.

झाड तेच, माणूस तोच, मडके तेच. बोटभर चुन्याने एक माणूस गूळ करणारा कारागीर ठरतो आणि त्याच्यावाचून गुन्हेगार. 1987 पासून तमिळनाडूत ताडी काढणे आणि विकणे बंद आहे. त्याच राज्यात 2003 पासून किरकोळ दारूविक्रीचा मक्ता टास्माक या सरकारी महामंडळाकडे आहे. कारखान्यातले स्पिरिट, रंग आणि स्वाद घालून बाटलीत भरलेले, सरकारी दुकानात मिळते. देवळाच्या स्थलवृक्षाचा आंबलेला रस मिळत नाही.

या बंदीमागचा विचार क्षुद्र नव्हता, हे आधी मान्य करायला हवे. ‘तिरुक्कुरळ’ या तमिळ नीतिग्रंथाचा त्र्याण्णवावा अध्याय सगळाच मद्यपानाविरुद्ध आहे. असहकाराच्या काळात ई. व्ही. रामस्वामी पेरियार यांनी दारूबंदीसाठी स्वतःच्या बागेतले पाचशेच्या वर माड तोडून टाकले. राजाजींनी 1937 साली सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. नवरा पगार पिऊन घरी येतो तेव्हा काय होते, हे ज्या बायकांनी भोगले त्यांना मद्याच्या पावित्र्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. गडचिरोलीतल्या बायकांनीही हेच सांगितले, म्हणून 1993 पासून तिथे दारूबंदी आहे.

पण त्याच तमिळ परंपरेत दुसरा आवाजही आहे आणि तोही तितकाच जुना. ‘पुरनानूरु’ या संगम काव्यसंग्रहात कवयित्री अव्वैयार अदियमान राजाच्या मृत्यूवर शोक करते, तेव्हा तो आपली ताडी कशी वाटून घेई याची आठवण काढते. थोडी असली तर सगळी तिला, भरपूर असली तर दोघांत. राजाच्या औदार्याचे माप तिथे मद्याच्या भांड्याने घेतले आहे. चेर राजांची खूण ताडाच्या फुलांची माळ होती. संगम काव्यात बलरामाच्या ध्वजावर ताड आहे, आणि आपल्या पुराणांतही तो तालध्वज आणि वारुणीप्रिय आहेच. केरळात परश्शिनिक्कडवूच्या मुत्तप्पन देवाला आजही ताडी आणि मासळीचा नैवेद्य लागतो. करुप्पसामी, मदुरैवीरन या गावराखणीच्या देवांपुढेही मद्य ठेवतात. आपल्याकडे पालघरच्या आदिवासी पाड्यांवर मोहाची दारू असो की ताडी, पहिले चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय जुनी माणसे पेला तोंडाला लावत नाहीत. ते थेंब पूर्वजांचे.

थेंब जमिनीला देण्याची ही रीत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात घायपाताच्या कुळातल्या अगावेपासून मेझकाल काढतात. आपल्या बांधावर कुंपण म्हणून लावतो त्याच घायपाताची ही भावंडे. झाड पक्व व्हायला सहा-आठ वर्षे लागतात, रानटी जातींना बारा-पंधरा. ते एकदाच फुलते आणि मरते; म्हणून दांडा उंच जाण्याआधी ते तोडतात, गाभा जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर काही दिवस भाजतात, ठेचतात, आंबवतात आणि भट्टी लावतात. पूर्वी ॲझ्टेक लोक याच कुळातल्या झाडाचा गाभा कोरून, आत साठलेला रस रोज उपसून त्याचे पुल्के करीत. ताडीचे खरे नाते याच्याशी जुळते. अगावेची देवी मायावेल. तिथे नियमही कडक होते: तरुण माणूस झिंगलेला सापडला तर देहदंड, आणि सत्तरी गाठलेल्या म्हाताऱ्या-म्हातारीला मोकळीक. देवत्व आणि बंधन तिथे एकत्र नांदत होते. आज मेझकालला जगभर मागणी आहे, आणि त्या मागणीपायी ओआहाकातली रानटी अगावे दुर्मीळ होत आहेत, टेकड्या एकाच जातीच्या लागवडीखाली जात आहेत.

या दोन ठिकाणांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. अशा पेयाचे पावित्र्य नशेत नसते. पिकायला लागणारी वर्षे, रोजचा पातळ काप, आधी कोणाला द्यायचे याची रीत आणि किती प्यायचे याची गावाने घातलेली मर्यादा, यांनी ते घडते. मेक्सिकोत बाजाराने हे नाते सैल केले, तमिळनाडूत कायद्याने तोडले. नाते गेले की उरतो तो मद्यार्क, आणि तो कोणीही कुठेही बाटलीत भरू शकतो. जून 2024 मध्ये कळ्ळकुरिची इथे मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन साठहून अधिक माणसे मेली. त्यांच्या हातात ताडी नव्हती.

तोट्याचा दुसरा हिशेब झाडांचा आहे. ताड हा 1978 पासून तमिळनाडूचा राज्यवृक्ष. पण ज्याच्यावर कोणी चढत नाही तो ताड वीटभट्टीचे सरपण होतो. 2021 साली राज्याच्या पहिल्या कृषी अर्थसंकल्पात ताड तोडायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची करण्याची घोषणा झाली. घोषणा योग्यच होती, पण चढणारा टिकल्याशिवाय झाड टिकणार नाही. आणि चढणाऱ्याची जात कायम खाली ढकलली गेली. दक्षिणेकडच्या शाणार समाजाला कित्येक देवळांत प्रवेश नव्हता. त्यांनी शिक्षण, व्यापार आणि नाडार हे नाव यांच्या बळावर मान मिळवला, तो बहुधा झाडावरून खाली उतरून. कोकणातल्या भंडाऱ्यांची कथा फार वेगळी नाही.

त्या झाडाने दिलेल्या पानांवरच हा सारा तमिळ वाङ्मयाचा ठेवा जगला. सातव्या शतकात शैव संत संबंदरने तिरुप्पनंदाळच्या शिवाची स्तोत्रे गायली. अशा शैव स्तोत्रांचा संग्रह असलेल्या तेवारमची ताडपत्रे चिदंबरमच्या देवळात वाळवीने खाल्लेली सापडली आणि उरली तेवढी राजराज चोळाच्या काळात नंबियांडार नंबीने जुळवली, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर ताडपत्रे गोळा करत गावोगाव हिंडले, म्हणून ‘जीवकचिंतामणी’ 1887 साली छापून निघाली. तंजावरच्या मराठा राजांच्या सरस्वती महालातही ताडपत्रांच्या पोथ्या आहेत.

पान पूज्य, रस निषिद्ध आणि चढणारा हीन, ही वाटणी आता मोडायला हवी. केरळप्रमाणे परवाना, सहकारी संस्था, उतरवल्या दिवशीच विक्री आणि भेसळीवर कडक तपासणी या अटींवर ताडी काढणाऱ्याला मोकळीक द्यावी. ज्या ग्रामसभेतल्या बायका नको म्हणतील तिथे ती देऊ नये. चुन्याच्या मडक्यातल्या नीरेला आणि गुळाला हमीभाव द्यावा. तमिळनाडूने हे करावे, आणि पालघर-डहाणूकडे ताड उभे असलेल्या महाराष्ट्रानेही. ताडाची बी लावल्यापासून पहिला रस यायला पंधरा-वीस वर्षे लागतात, तेव्हा निर्णय याच हंगामात घ्यावा.